कौंटीचा शेरीफ : दंडसत्ता आणि लोकमत

शेरीफ हा शब्द आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही. मुंबई शहराला शेरीफ असे आणि मराठीत त्यास आपण नगरपाल म्हणत आलो. शहरातील एखाद्या नामवंत नागरिकाची एका वर्षापुरती नेमणूक व्हावी, त्याने मोठ्या पाहुण्यांचे स्वागत करावे, नागरिकांच्या विनंतीवरून जाहीर सभा बोलवावी, असा त्या पदाचा रिवाज. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६९ आणि १८७१ अशी दोन वेळा ही जागा भूषविली. पद मोठे मानाचे. परंतु त्या पदाच्या हाती दंड असा नव्हता.

आज आम्हांस ज्या शेरीफाविषयी सांगावयाचे आहे तो निराळा. तो अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतील कौंटीचा शेरीफ. कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखाच, पण पुष्कळदा तालुक्याएवढा लहान असा मुलूख. तेथे पोलीस तोच, तुरुंगाधिकारी तोच, न्यायालयाचा हुकूम बजावणाराही तोच; आणि विशेष हे की, त्याला कोणी वरून नेमीत नाही, लोक मते देऊन निवडतात. आपल्याकडे गावचा पाटील वंशपरंपरेने आला आणि जिल्ह्याचा पोलीस अधीक्षक सरकारी हुकुमाने आला. दंड धरणारा हात मते देऊन निवडावा, ही कल्पना आपल्या व्यवहारात कधी उतरली नाही. त्यामुळे या पदाचा इतिहास आपल्याला एक प्रश्न विचारतो. दंडसत्ता लोकांनीच निवडलेल्या माणसाच्या हाती दिली, तर ती आपोआप न्यायाने वागते काय? आमचे उत्तर असे की, निवडणारे ‘लोक’ म्हणजे कोण, हे आधी पाहिले पाहिजे. मतदारयादीत ज्यांचे नाव नाही त्यांच्यापुरता शेरीफ हा लोकांचा सेवक नसून केवळ धनी असतो. हे आम्ही तर्काने सांगत नाही. घडलेल्या गोष्टींवरून सांगत आहो.

प्रथम पदाचे मूळ पाहू. इंग्लंडात नॉर्मन लोक १०६६ साली येण्यापूर्वीच मुलखाची विभागणी ‘शायर’ नावाच्या प्रांतांत झालेली होती. शायरमध्ये राजाचे हित पाहणारा कारभारी तो ‘शायर-रीव्ह’. बोलताबोलता या शब्दाचा शेरीफ झाला. राजाचा वसूल गोळा करणे, गुन्हेगार धरणे, न्यायसभा भरविणे ही सारी कामे त्याच्याकडे होती. चोर पळाला की गावोगावच्या धडधाकट पुरुषांना हाक देऊन पाठलागास नेण्याचा अधिकारही त्याला होता. या जमावाला पुढे ‘पॉसी’ असे नाव पडले. श्रोत्यांनी हा शब्द लक्षात ठेवावा. सातशे-आठशे वर्षांनी तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

वसूल आणि दंड एकाच मुठीत आले म्हणजे काय होते हे सांगावयास नको. ११७० साली राजा दुसरा हेन्री याने शेरीफांच्या कारभाराची चौकशी लावली आणि बहुतेकांना घरी बसविले. १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सुप्रसिद्ध सनदेत तर शेरीफाचे नाव पुन्हा पुन्हा येते. त्याने राजाच्या अखत्यारीतले मोठे खटले स्वतः चालवू नयेत, स्वतंत्र माणसाचे घोडे वा गाडी त्याच्या संमतीवाचून वेठीस धरू नये, आणि ज्याला देशाचा कायदा ठाऊक आहे अशालाच या जागेवर नेमावे, अशी कलमे त्या सनदेत आहेत. गाडीघोड्याची वेठ आपल्या खेड्यांनीही पुष्कळ भोगली आहे. म्हणून या कलमाचा अर्थ मराठी माणसाला भाष्यावाचून कळेल.

इंग्रज वसाहतवाले अमेरिकेत गेले तेव्हा हे पद त्यांच्या सामानाबरोबर गेले. व्हर्जिनियात १६३४ साली आठ शायर पाडण्यात आले. आरंभी शेरीफाची नेमणूक गव्हर्नरच्या हातची होती. एकोणिसाव्या शतकात सामान्य माणसाच्या हाती सत्ता असावी अशी लाट अमेरिकेत उठली आणि राज्यामागून राज्यांनी शेरीफाची जागा निवडणुकीची केली. आज त्या देशात तीन हजारांहून अधिक कौंट्या आहेत आणि थोडी राज्ये सोडली तर सर्वत्र शेरीफ निवडूनच येतो. पुष्कळ राज्यांत हे पद राज्यघटनेनेच निर्माण केलेले असल्यामुळे कौंटीच्या कारभारी मंडळाला त्याचा खर्च मंजूर वा नामंजूर करता येतो, पण त्याला काढून टाकता येत नाही.

या शेरीफाचे रोजचे काम सिनेमातल्यासारखे घोडदौडीचे नसते. मोठ्या गावांना आपापले पोलीस असतात; त्यांच्या हद्दीबाहेरचा शेतांचा, रानांचा, विखुरलेल्या घरांचा मुलूख शेरीफाकडे. कोर्टाची समन्से पोचविणे, ज्यूरीच्या लोकांना बोलावणी धाडणे, न्यायाधीशासमोर बंदोबस्त ठेवणे, देणे थकले तर जप्ती आणि लिलाव करणे, भाडेकऱ्याला घराबाहेर काढण्याचा हुकूम बजावणे ही सारी कामे त्याची. काही राज्यांत तर करवसुलीही त्याच्याकडेच आहे. कौंटीचा तुरुंग त्याच्या ताब्यात असतो आणि तेथील बहुतेक माणसे शिक्षा झालेली नसून खटल्याची वाट पाहणारी असतात. हाताखाली डेप्युटी असतात. लहान कौंटीत ते बोटांवर मोजावे इतकेच. वेळप्रसंगी कोणाही नागरिकाला तो खास डेप्युटीचा बिल्ला देऊ शकतो.

या साऱ्याचा हिशेब मांडला तर शेरीफाच्या हाती तीन किल्ल्या दिसतात. बिल्ला कोणाला द्यावा ही पहिली, तुरुंगाचे दार केव्हा उघडावे ही दुसरी, आणि पैशाची तिसरी. चौथी किल्ली मतपेटीची. ती मात्र लोकांच्या हाती असावयाची. ही चौथी किल्लीही शेरीफानेच खिशात घातली तर काय होते, हे टेनेसी राज्यातील मॅकमिन कौंटीत १९४६ साली दिसून आले.

तेथे शेरीफाचे उत्पन्न ठराविक पगाराचे नव्हते, ‘फी’चे होते. जितक्या अटका तितकी फी. असा कायदा असल्यावर अटकांना तोटा कशाचा? अथेन्स हे त्या कौंटीचे मुख्य गाव. तेथून जाणाऱ्या बसगाड्या थांबवून झोपेत असलेल्या उतारूंनाही दारू प्याल्याच्या आरोपावरून खाली उतरवीत आणि दंड वसूल करीत. पॉल कँट्रेल हा १९३६ साली शेरीफ झाला आणि तेव्हापासून त्याच्या गटाने कौंटी मुठीत ठेवली. निवडणुका होत, पण मते मोजणारे त्यांचे, पहारा त्यांचा, पेट्याही त्यांच्या.

दुसऱ्या महायुद्धातून घरी परतलेल्या तरुण सैनिकांनी आपले स्वतंत्र उमेदवार उभे केले आणि शेरीफाच्या जागेसाठी नॉक्स हेन्री या माजी सैनिकाला पुढे केले. १ ऑगस्ट १९४६ रोजी मतदान झाले. त्या दिवशी बाहेरून आणलेल्या खास डेप्युट्यांनी गाव भरून गेले होते. मत देण्यास आलेल्या एका वृद्ध कृष्णवर्णीय मतदारावर एका डेप्युटीने गोळी झाडली. सायंकाळी काही मतपेट्या उचलून थेट तुरुंगात नेण्यात आल्या. तेव्हा सैनिकांनी तुरुंगाला वेढा घातला, रात्रभर गोळीबार झाला, शेवटी सुरुंगाची दारू लावण्यात आली आणि पहाटेच्या आत डेप्युटी शरण आले. पेट्या उघडून मते मोजली गेली आणि नॉक्स हेन्री शेरीफ झाला. नव्या मंडळींनी अटकेमागे फी घेण्याची ती पद्धत मोडली आणि अधिकाऱ्यांच्या मिळकतीला मर्यादा घातली.

ही हकिकत ऐकावयास मोठी वीररसाची वाटते; पण बंदुकीने मतपेटी सोडवावी लागणे हे लोकशाहीचे भूषण नव्हे. शिवाय मॅकमिनच्या लढवय्यांची नावे निदान मतदारयादीत तरी होती. ज्यांना यादीच्या दारातही उभे राहू दिले जात नव्हते त्यांनी काय करावयाचे? यासाठी आपल्याला टेनेसीच्या दक्षिणेस, शेजारच्या अलाबामा राज्यात गेले पाहिजे.

अलाबामाची १९०१ ची राज्यघटना हा एक विलक्षण दस्तऐवज आहे. साक्षरतेची अट, मतकर, मालमत्तेची अट अशा तरतुदींनी तिने कृष्णवर्णीयांची नावे मतदारयादीतून जवळजवळ पुसून टाकली. त्याच घटनेत असेही एक कलम होते की, शेरीफाच्या ताब्यातील कैद्याला जमावाने ओढून नेऊन ठार केले आणि त्यात शेरीफाची हयगय वा संगनमत असले, तर त्याच्यावर महाभियोग चालवून त्यास पदच्युत करावे. म्हणजे कैद्याचे रक्षण कर असे शेरीफाला बजावावयाचे आणि ज्या समाजातून ते कैदी येतात त्या समाजाला शेरीफ निवडण्याचा हक्क ठेवावयाचा नाही! एका हाताने दिवा लावून दुसऱ्या हाताने तेल काढून घ्यावे, तसा हा प्रकार. शेरीफ आपल्या मतदारांकडे पाहतो, घटनेच्या कलमाकडे नव्हे. आणि मतदार तर सारे एकाच बाजूचे.

डॅलस कौंटीचे मुख्य गाव सेल्मा. तेथील शेरीफ जिम क्लार्क याने जुन्या ‘पॉसी’ला नवा जन्म दिला. चोराच्या पाठलागासाठी गावकऱ्यांना हाक द्यावयाची, ही मध्ययुगातील रीत. क्लार्कने घोडेस्वार गोऱ्या नागरिकांची पॉसी उभारली ती मतनोंदणीसाठी रांगेत उभ्या राहणाऱ्यांना पिटाळण्यासाठी. ७ मार्च १९६५ रोजी सेल्माच्या पुलावर सुमारे सहाशे निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर राज्याचे पोलीस आणि क्लार्कची ही घोडेस्वार पॉसी यांनी लाठ्या आणि अश्रुधूर यांसह हल्ला केला. ती चित्रे त्याच रात्री घरोघरी दूरचित्रवाणीवर दिसली, आणि ६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदानहक्काचा कायदा मंजूर झाला. पुढे मे १९६६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत क्लार्कला आव्हान मिळाले ते सेल्मा शहराचे पोलीस सांभाळणारे विल्सन बेकर यांचे. कृष्णवर्णीय वस्तीतील काही पेट्यांची मते बाद ठरविण्याचा प्रयत्न झाला. फेडरल न्यायालयाच्या हुकुमाने ती मोजली गेली आणि क्लार्क पडला. मॅकमिनमध्ये जे काम सुरुंगाने केले ते येथे न्यायालयाच्या एका कागदाने केले, हा फरक लहान नाही.

सेल्मा आणि राज्याची राजधानी माँटगोमेरी यांच्या मधोमध लाउंड्स नावाची कौंटी आहे. काळ्या मातीचा, कापसाच्या मळ्यांचा हा प्रदेश. १९६० च्या सुमारास लोकसंख्या पंधरा हजारांच्या आसपास; त्यात शेकडा ऐंशी कृष्णवर्णीय. १९६५ साल उजाडले तेव्हा त्यांच्यापैकी एकाचेही नाव मतदारयादीत नव्हते. बहुतेक कुटुंबे दुसऱ्याची जमीन अर्धेलीने कसून राहणारी. जमीन मालकाची, झोपडी मालकाची, आणि झोपडी खाली करण्याचा हुकूम घेऊन येणारा शेरीफही मालकाचाच.

मार्च १९६५ मध्ये हेनव्हिल या मुख्य गावी काही माणसे नाव नोंदविण्यास गेली. त्यांत जॉन ह्युलेट हे एक होते. याच कौंटीत जन्मलेले हे गृहस्थ बर्मिंगहॅमच्या कारखान्यात काम करून, तेथील कामगार संघटनेत तयार होऊन गावी परतले होते. त्याच महिन्यात त्यांनी सोबत्यांसह नागरिकांची संघटना स्थापन केली. त्याच महिन्याच्या २५ तारखेस माँटगोमेरीचा मोर्चा आटोपल्यावर लोकांना मोटारीतून पोचविणाऱ्या व्हायोला लियुझो या बाईंचा लाउंड्समधील हमरस्त्यावर खून झाला.

त्यापुढची हकिकत शेरीफाच्या खात्याशी अगदी निगडित आहे. १४ ऑगस्ट १९६५ रोजी फोर्ट डिपॉझिट या गावी निदर्शने करणाऱ्या काहींना अटक होऊन त्यांना हेनव्हिलच्या तुरुंगात ठेवण्यात आले. त्यांत जोनाथन डॅनिएल्स हा धर्मशास्त्राचा गोरा विद्यार्थी होता. २० तारखेस त्यांना अचानक सोडून देण्यात आले. तुरुंगाबाहेर पडून ही मंडळी जवळच्या दुकानात थंड पेय घ्यावयास गेली. दारात टॉम कोलमन बंदूक घेऊन उभा होता. हा रस्तेखात्याचा नोकर. पण त्याच्याजवळ खास डेप्युटीचा बिल्लाही होता. त्याने रूबी सेल्स या तरुण कृष्णवर्णीय मुलीवर बंदूक रोखली. डॅनिएल्सने तिला बाजूस सारले आणि गोळी आपल्या छातीवर घेतली. सप्टेंबरात हेनव्हिलच्याच न्यायालयात खटला चालला. ज्यूरी साऱ्या गोऱ्या पुरुषांची. कोलमन निर्दोष सुटला.

बिल्ला, तुरुंग आणि ज्यूरी ही तिन्ही एकाच समाजाच्या हाती असली म्हणजे कायद्याच्या साऱ्या पायऱ्या रीतसर चढूनही माणूस अन्यायाच्याच माडीवर पोचतो. १९६६ च्या फेब्रुवारीत फेडरल न्यायालयाने लाउंड्स कौंटीतील ज्यूरीच्या यादीतून कृष्णवर्णीयांना आणि एकंदरीत अलाबामात स्त्रियांना वगळणे घटनाबाह्य ठरविले.

मतदानाचा कायदा झाल्यावर केंद्र सरकारचे नोंदणी अधिकारी लाउंड्समध्ये आले आणि यादी भरू लागली. त्याबरोबर मालकांनी नावे नोंदविणाऱ्या कुळांना जमिनीवरून हाकलले. डिसेंबर १९६५ मध्ये हमरस्त्याच्या कडेला तंबूंची वसाहत उभी राहिली आणि ती माणसे तेथे हिवाळ्यात राहिली. परंतु त्यांनी नावे मागे घेतली नाहीत.

नाव यादीत आले, तरी मत कशासाठी द्यावयाचे? येथे विद्यार्थ्यांच्या अहिंसक समन्वय समितीने जे केले ते आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. स्टोकली कारमायकेल आणि त्यांचे सोबती घरोघर आणि चर्चमधून वर्ग घेऊ लागले. शेरीफ काय करतो, कर ठरविणारा अधिकारी काय करतो, हे समजावून देणाऱ्या साध्या चित्रांच्या पुस्तिका त्यांनी काढल्या. जन्मभर ज्याला पाहून लोक रस्ता सोडून बाजूला होत, तो शेरीफ एक नोकर आहे, त्याची कामे मोजकी आहेत, आणि ती आपल्यातलाही कोणी करू शकेल, ही जाणीव त्या चित्रांतून उगवली. लोकशिक्षण म्हणतात ते हेच.

अलाबामात पक्षांना मतपत्रिकेवर चिन्ह असे. सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्षाचे चिन्ह पांढरा कोंबडा, आणि त्याबरोबर १९६६ पर्यंत गोऱ्यांच्या वर्चस्वाचे घोषवाक्य छापलेले! लाउंड्सच्या नव्या पक्षाने काळा चित्ता हे चिन्ह घेतले. बैलजोडी, झोपडी, दिवा अशा चिन्हांवर आपल्या देशात कोट्यवधी माणसांनी पहिले मत दिले. तेव्हा चिन्हाचे मोल आपल्याला निराळे सांगावयास नको. उमेदवार निवडण्याची सभा ३ मे १९६६ रोजी न्यायालयाच्या आवारात भरवावयाची होती. शेरीफाने नकार दिला, म्हणून ती जवळच्या चर्चमध्ये भरली. शेरीफाच्या जागेसाठी सिडनी लोगन यांना उभे करण्यात आले. नोव्हेंबरात ते पडले. पण त्याच महिन्यात अलाबामातील मेकन कौंटीत लुशियस अमरसन निवडून आले; एकोणिसाव्या शतकातील पुनर्रचनेच्या काळानंतर दक्षिणेत शेरीफ झालेले ते पहिले कृष्णवर्णीय. लाउंड्सनेही धीर सोडला नाही. १९७० च्या निवडणुकीत जॉन ह्युलेट स्वतः शेरीफ झाले आणि पुढे बावीस वर्षे राहिले.

पाच वर्षांपूर्वी ज्याला मत नव्हते त्याच्या हाती त्याच तुरुंगाच्या किल्ल्या आल्या. सूड घेण्याची साधने सारी हाती होती. परंतु सूडाचे राज्य झाले नाही. शेरीफाच्या नावाने लोकांच्या पोटात उठणारा गोळा नाहीसा झाला, कायद्याच्या नावाने होणारी मारहाण थांबली, हे त्यांच्या कारकीर्दीचे मुख्य फळ होय. नेतृत्व म्हणजे हुकूम सोडणे असे आपण समजतो. शेरीफाच्या बाबतीत नेतृत्वाची खरी कसोटी त्याने काय करण्याचे टाळले यावर लागते: बिल्ला कोणाला दिला नाही, तुरुंगाचे दार कोणत्या वेळी उघडले नाही, कोणत्या पैशाला हात लावला नाही.

तथापि चित्र एकाच रंगाने रंगविणे इतिहासाला शोभत नाही. ह्युलेट पुढे डेमोक्रॅटिक पक्षात सामील झाले, जुन्या गोऱ्या पुढाऱ्यांशी जुळवून घेऊ लागले आणि तंबूंच्या दिवसांतील ध्येये विसरली गेली, अशी टीका त्यांच्यावर झाली. जमिनीची मालकी शेरीफ बदलू शकत नव्हता. लाउंड्सचे दारिद्र्य हटले नाही; एकविसाव्या शतकातही तेथील कित्येक घरांना सांडपाण्याची धड सोय नव्हती. पैशाची किल्लीही पूर्णपणे सुरक्षित झाली नाही. कैद्यांच्या जेवणासाठी मिळालेल्या पैशातून जे उरेल ते शेरीफाने स्वतः ठेवावे, अशी मुभा अलाबामाच्या कायद्यात पुढेही कित्येक वर्षे राहिली. २००९ साली तेथील एका कौंटीच्या शेरीफाला कैद्यांना अपुरे अन्न देऊन पैसा शिल्लक टाकल्याबद्दल फेडरल न्यायाधीशाने स्वतःच एक रात्र कोठडीत ठेवले. कायदा बदलावयास २०१९ साल उजाडले.

त्याच साली, २३ नोव्हेंबरला, लाउंड्सचे तेव्हाचे शेरीफ जॉन विल्यम्स हेनव्हिलमधील एका पेट्रोल पंपावर गोळी लागून मृत्यू पावले. लहान कौंटीचा शेरीफ टेबलामागे बसून राहत नाही. जेथे गडबड तेथे तो स्वतः उभा असतो, हेही या पदाचे एक सत्य आहे. ज्याची निंदा आपण केली त्याच खुर्चीवर जीव धोक्यात घालणारी माणसेही बसत आली आहेत.

यातून आपण काय घ्यावे? आपल्याकडेही शेरीफ निवडून द्यावेत असे आमचे म्हणणे नाही. नेमलेला अधिकारी बदलून जातो, त्याला गावचा लोभ वा गावचे वैर नसते, हा आपल्या पद्धतीचा गुण; तो गावाला जबाबदार नसतो, हा तिचा दोष. अमेरिकेच्या पद्धतीत गुणदोष नेमके उलटे. आपल्या गावचा पोलीस पाटील आता वतनदार राहिलेला नाही. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने त्याची नेमणूक सरकारकडून होते. परंतु नेमणूक असो वा निवडणूक, दंड धरणाऱ्या हातावर ज्याची नजर नाही असा एक जरी समाज गावकुसाबाहेर उरला, तरी त्या समाजापुरता कायदा हा केवळ काठीच राहतो.

लाउंड्सच्या अर्धेलीच्या कुळांनी तंबूत राहून जे मिळविले ते शेरीफाची खुर्ची एवढेच नव्हते. शेरीफ काय करतो हे त्यांनी आधी शिकून घेतले, आणि मग त्याला विचारण्याचा हक्क मिळविला. आपल्या तालुक्याच्या ठाण्यात काय चालते, कोठडीत कोण आहे, कशासाठी आहे, त्याला जेवण मिळते की नाही, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते? जे विचारीत नाहीत त्यांचे नाव यादीत असून नसल्यासारखेच होय.